पहिला घास

माझ्या आईला गावात कुणी तिच्या नावानं हाक मारत नाही.
बाना चिशाला म्हणतात. चिशालाची आई.
चिशाला मी.

डिसेंबरात रात्रभर कोसळून पहाटे पाऊस थांबला
की ती टोपली घेऊन मुतोंडोच्या झाडांत शिरायची.
मी मागे, अनवाणी.
सुरी न्यायची नाही.
कापलेली अळंबी अर्धीच गोष्ट सांगते, म्हणायची.
बुडाशी बोटं घालून, माती उकरून,
सबंध उचल, पायातल्या पिशवीसकट.

तेंतेच्या पायात पिशवी असते.
तिच्या वैरिणीच्याही पायात असते.
मग ओळखायचं कशावरून, विचारलं
तर माझी मान वाकवून नाक टेकवायची टोपीखाली:
"हा वास. आता विसरून दाखव."

वारुळावरची मात्र बिनघोर.
इचिकोलोवा, सुपाएवढी,
एक सापडली तरी घर जेवायचं.
मी एकदा ती डोक्यावर धरून गावात आले,
सायकलवाला मुबांगा ओरडला,
"छत्री कितीला पडली गं?"

तीन पाण्यांत वाळू जायची, चौथ्यातही थोडी कचकच उरायचीच.
उखळात शेंगदाणे. कोळशावर भांडं.
आणि मग आई एकटी खायची.
आम्ही तिघं भिंतीला टेकून
तिचा जबडा हलताना बघायचो.
आमच्यापुढे उब्वाली आणि मीठ.
"उद्या," म्हणायची, झाकणावर दगड ठेवत.

सकाळी खराट्याचा आवाज आला
की आम्ही हात धुवायला पळायचो.

माझ्या बाराव्या वर्षी तिच्या पोटात कापेम्ब्वा होता.
बाप चिंगोलाला, खाणीत.
तिनं रांधलं, घास उचलला,
दुसरा हात पोटावर होता,
घास परत भांड्यात ठेवला.
झाकण. दगड.

रात्री मी दगड उचलला.
दोन खाल्ल्या. गार.
कूट दातांना चिकटून राहिलं.
मग चटईवर पडून
माझ्याच पोटाचा कानोसा घेत राहिले.
लांब हमरस्त्यावर मालट्रक चढ चढत होता,
गिअर बदलला, पुन्हा बदलला.
पोटात एकदा काहीतरी गुरगुरलं,
मी दोन्ही तळवे दाबून धरले, जणू झाकण मीच.

पहाटे खराटा मी घेतला.
आई उठली. भांडं उघडलं.
ती मोजून ठेवते, हे मला कुठं ठाऊक?
एक शब्द नाही. खणखणीत थोबाडीत दिली,
आणि त्याच हातानं उब्वालीचा गोळा वळून, मध्ये खळगा करून,
रस्सा भरून माझ्या तोंडात घातला.

पुढच्या आठवड्यात माझ्यासाठी वेगळी टोपली विणून आली.

आता मी कित्वेत. बाजारातून घेते,
अनोळखी बाईच्या ढिगातून, एकेक हुंगून.
ती वैतागते. वैतागू दे.
माझी मुलगी नर्सिंग शिकते. म्हणाली,
आई, ते विष कधी कधी दीड दीड दिवस गप्प बसतं,
एक रात्र थांबून काय कळणार होतं तुम्हाला?

मी ते तसंच फोनवर गावी सांगितलं.
तिकडे इतकी शांतता, वाटलं रेंज गेली.
मग आई म्हणाली,
"नाकाला पटलं नसतं तर शिजवलं असतं का मी?"
मग आधी एकटी का खायचीस?
"शेंगदाणे काय भावानं आहेत गं तिकडे?"

आज भांडं उतरवलंय.
मी खाल्लंय. मीठ जरा कमी पडलं.
समोर पोरगी, पुस्तक मिटून,
माझ्या जबड्याकडे बघतेय.
झाकणावर ठेवायला या घरात दगड नाही,
मी पाण्यानं भरलेली किटली ठेवते.